हरमलचा ‘लपलेला’ किनारा आता धरणगावच्या आवाक्यात आलाय, पण तिथला समुद्र समजून कोण घेणार?

इन्स्टाग्रामवर ‘हिडन बीच’ एवढं टाकलं की पुढची दहा मिनिटं एकच दृश्य वेगवेगळ्या कोनांतून दिसत राहतं. खडकांवरून जाणारी अरुंद वाट, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला झाडीत दडलेलं हिरवट पाण्याचं तळं आणि संध्याकाळी वाळूत गोल करून ढोल वाजवणारी देशोदेशीची माणसं. यातल्या बऱ्याच रील्स गोव्याच्या उत्तर टोकाच्या असतात. तालुका पेडणे, गाव हरमल. इंग्रजी पाट्यांवर याचंच ‘अरंबोल’ होतं.

गावाचा मुख्य किनारा लांबलचक आहे, तिथे शॅक आहेत, दुकानं आहेत. पण लोक ज्यासाठी तडफडतात तो तुकडा पुढे आहे. किनाऱ्याच्या उत्तरेला टेकडीच्या कडेने चालत गेलं की काळाचा बीच नावाची छोटी खाडीसारखी जागा लागते आणि तिच्या मागे, समुद्रापासून काही पावलांवर, गोड्या पाण्याचं तळं. वरच्या ओढ्याचं पाणी तिथे साचतं. तळ्याच्या मागच्या रानात एक मोठा वड आहे, त्याच्या पारंब्यांखाली वर्षानुवर्षं भटके मुक्काम टाकत आलेत. गाडी तिथवर जात नाही. पुढे टेकडी ओलांडली की केरीचा किनारा. तिथे सुरूची झाडं, समोर तेरेखोल नदी आणि नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला.

आता या सगळ्याशी बालकवींच्या जन्मगावाचा, धरणगावचा काय संबंध? तर परवापरवापर्यंत काहीच नव्हता.

समुद्र नसलेल्या गावाला समुद्र कसा जवळ आला

खान्देशातल्या माणसाला सगळ्यात जवळचा समुद्र कोकणातला नाही, गुजरातचा. धरणगाव सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर येतं. गाडीत बसलं की अमळनेर, नंदुरबार करत सुरत, आणि तिथून डुमस. हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात. हरमल मात्र रस्त्याने आठशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे गोवा म्हणजे एकदाच, लग्नानंतर किंवा कॉलेज संपताना, जळगावहून मंगला एक्स्प्रेस धरून जायची गोष्ट होती.

मग दोन गोष्टी झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं आणि जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली. मोपा नेमकं पेडणे तालुक्यातच आहे. आधी विमानाने येणारा माणूस दक्षिणेकडे दाबोळीला उतरायचा आणि वाटेतल्या कळंगुट-बागातच अडकायचा. आता तो थेट हरमलच्या उशाशी उतरतो. दुसरी गोष्ट, एप्रिल २०२४ मध्ये फ्लाय९१ या कंपनीने जळगाव ते गोवा थेट विमानसेवा सुरू केली, आणि हे विमानही मोपालाच उतरतं. वेळापत्रक बदलत असतं, रोज विमान असेलच असं नाही. पण ज्या दिवशी असतं त्या दिवशी सकाळी धरणगावातून निघालेला माणूस त्याच दिवशी हरमलच्या वाळूत बसलेला असू शकतो.

अंतर मिटलं, पण अंतराबरोबर आणखी एक गोष्ट मिटली. ती समजून घ्यायला आधी या किनाऱ्यावर पहिल्यांदा आलेल्या लोकांकडे पाहावं लागतं.

सहा महिने राहणारे आणि दोन दिवस राहणारे

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या तावडीतून सुटला. त्यानंतर काही वर्षांतच, साठच्या दशकाच्या मध्याला, तिथे हिप्पी यायला लागले. युरोपातून निघायचं, इस्तंबूल, तेहरान, काबूल, पेशावर, लाहोर करत दिल्ली गाठायची आणि थंडीत गोव्याला उतरायचं, असा हा रस्त्याचा प्रवास. त्यातला सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे ‘एट फिंगर एडी’. खरं नाव येर्टवर्ड मझमानियन, अर्मेनियन वंशाचा अमेरिकन. एका हाताला तीनच बोटं, म्हणून हे नाव. तो गोव्याचाच होऊन गेला आणि २०१० मध्ये तिथेच वारला. हणजूणचा बुधवारचा बाजार याच मंडळींनी सुरू केला. परतीच्या तिकिटाला पैसे हवेत म्हणून कॅमेरा, जीन्स, टेप असं जे असेल ते वाळूत मांडून विकायचं.

१९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षाच्या शेवटी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि तो खुष्कीचा रस्ता बंद पडला. भटके येतच राहिले, फक्त विमानाने. पण गोव्याच्या आत त्यांचं सरकणं चालू राहिलं. आधी कळंगुट, मग हणजूण, मग वागातोर, मग हरमल. प्रत्येक ठिकाणी क्रम तोच. आधी भटके, मग त्यांना बघायला येणारे (यात आपल्याकडच्या बसच्या बस भरून येणारेही आले, हे मान्य केलेलं बरं), मग हॉटेलं, मग भटके पुढच्या किनाऱ्यावर. हरमलच्या पुढे केरी आहे आणि केरीच्या पुढे महाराष्ट्र. गोव्यापुरतं हे सरकणं तिथे संपलं.

त्यांच्या नशापाण्याबद्दल, कपड्यांबद्दल, स्थानिकांना झालेल्या त्रासाबद्दल भरपूर लिहिलं गेलंय आणि ते खोटं नाही. पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ही माणसं एकाच किनाऱ्यावर पाच-पाच, सहा-सहा महिने राहायची. कोळ्याच्या घरात खोली भाड्याने घ्यायची. समुद्र रोज पाहायची. कुठल्या खडकाजवळ पाणी फिरतं, अमावास्येला वाळूचा किती पट्टा उरतो, होडी कधी बाहेर पडत नाही, हे त्यांना न विचारता कळत जायचं. त्यांच्या ‘मोकळेपणा’ला हा आधार होता.

रील पाहून येणारा माणूस शनिवारी येतो आणि सोमवारी परत जातो. त्याला तोच रिकामा किनारा हवा असतो. पण किनाऱ्याशी ओळख व्हायला लागणारे सहा महिने त्याच्याकडे नसतात.

विहिरीत पट्टीचा पोहणारा समुद्रात का बुडतो

खान्देशात पोहता येणाऱ्यांची कमी नाही. मळ्यातली विहीर, पाठीला बांधलेला रिकामा कॅन, काठावर दोर धरून उभा असलेला काका. पहिल्या उन्हाळ्यात कॅन, दुसऱ्यात कॅनशिवाय, तिसऱ्यात कठड्यावरून सूर. बांभोरीजवळ गिरणेला पाणी असलं की तिथेही पोरं उतरतात. म्हणून ‘मला पोहता येतं’ हे वाक्य खोटं नसतं. फक्त ते विहिरीबद्दलचं असतं.

विहिरीचं पाणी जागेवर उभं असतं. दमलं की चार हातांवर भिंत असते. समुद्रात पाणी स्वतः चालत असतं आणि ते नेहमी किनाऱ्याकडेच चालतं असं नाही.

लाटा सतत पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते पाणी परत जायलाच हवं. किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली वाळूचे उंचवटे असतात, शेताच्या बांधासारखे. आलेलं पाणी त्या बांधाच्या अलीकडे तुंबतं. आणि शेतात जसं बांधाला एका जागी भगदाड पडलं की वावरातलं सगळं पाणी तिथूनच धावत सुटतं, तसंच इथेही होतं. वाळूच्या बांधात जिथे फट असेल तिथून सगळं तुंबलेलं पाणी समुद्राकडे झेपावतं. याला रिप करंट म्हणतात. रुंदी कधी काही मीटर, कधी काही दशक मीटर. वेग एरवी सेकंदाला अर्धा मीटर असतो, पण जोर चढला तर अडीच मीटरच्या आसपास जाऊ शकतो. ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहणारा जलतरणपटू साधारण तेवढ्याच वेगाने जातो, तोही एकवीस-बावीस सेकंदांपुरता.

फसवणूक इथे आहे: जिथून हे पाणी परत जातं तिथे लाटा फुटत नाहीत. आजूबाजूला पांढरा फेस, आदळआपट, आणि मध्ये एक शांत, गडद पट्टा. समुद्र न पाहिलेल्या माणसाला वाटतं, हीच जागा बरी, इथे लाटा नाहीत. लहान पोरांना घेऊन लोक नेमके तिथे उतरतात.

हा ओघ माणसाला खाली खेचत नाही. तो आडवा, आत नेतो. माणूस बुडतो तो घाबरून. किनारा समोर दिसत असतो, म्हणून तो सरळ किनाऱ्याकडे हात मारायला लागतो, म्हणजे ओघाच्या बरोबर उलट. दोन-तीन मिनिटांत हात भरून येतात. विहिरीतला सराव इथे उलटाच नडतो, कारण विहिरीत सगळ्यात जवळचा काठ गाठायचा हेच शिकवलेलं असतं.

सुटायची रीत अशी की आधी उताणं होऊन तरंगायचं. खाऱ्या पाण्यात माणूस विहिरीपेक्षा सोपा तरंगतो, हा एकच फायदा आहे तो वापरायचा. एक हात वर करून हलवायचा. मग किनाऱ्याला समांतर, म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे, ओघाच्या बाहेर येईपर्यंत सावकाश पोहायचं. जिथे लाटा फुटताना दिसतात तिथे पोहोचलं की त्याच लाटा माणसाला बाहेर ढकलतात.

आणि दुसरा जो काठावर उभा आहे त्याने आत उडी मारायची नाही. मित्र बुडतोय म्हणून मित्र, भाऊ बुडतोय म्हणून भाऊ, असे एकामागून एक जातात. तरंगेल असं काहीतरी फेकायचं. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन यासाठी उत्तम, आणि खान्देशातल्या माणसाला तो कसा धरायचा हे सांगावं लागत नाही. आडबाजूच्या किनाऱ्यावर जाताना पाण्याचा कॅन न्यावाच लागतो. रिकामा झाला की टाकायचा नाही, एवढंच.

१ फेब्रुवारी २०१६ ला रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून गेले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. दिवसाढवळ्या, माणसं असलेल्या किनाऱ्यावर ते घडलं. काळाचा किंवा केरीसारख्या ठिकाणी मदतीला पोहोचायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो.

तिथीला पाऊणने गुणा

भरती-ओहोटी शाळेत शिकवतात, पण समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर ती पाच मार्कांपुरती असते. कोकणात तिची वेळ काढायची एक जुनी, फार सोपी रीत आहे. त्या दिवशीची तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण घरातल्या कालनिर्णयवर तिथी असतेच, त्यामुळे धरणगावात बसूनही हिशेब करता येतो.

याचा उपयोग काय? हरमलहून तळ्याकडे जाणारी वाट खडकांच्या कडेने जाते. गोव्यात भरती-ओहोटीतला फरक मुंबईइतका मोठा नसतो, उधाणालाही दोन मीटरच्या आसपास. पण दोन मीटर म्हणजे माणसाच्या डोक्यावरून पाणी. जो खडक सकाळी कोरडा होता आणि ज्यावर उभं राहून फोटो काढले, तोच भरतीला ओला, शेवाळलेला आणि लाटांच्या माऱ्यात असतो. समुद्राकडे पाठ करून सेल्फी घेणाऱ्याला मागून आलेली लाट दिसत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ‘फुल मून’ म्हणून गर्दी जास्त असते, आणि उधाणही नेमकं तेव्हाच असतं.

केरीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे तेरेखोल नदी समुद्राला मिळते. ओहोटी लागली की नदीचं पाणी आणि भरतीला आत घुसलेलं समुद्राचं पाणी, दोन्ही मिळून त्या तोंडातून बाहेर पडतात. वरून पाणी नितळ, उथळ, नदीसारखं ओळखीचं दिसतं. गिरणेत डुंबलेल्या माणसाला समुद्रापेक्षा हेच जास्त सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात मुखाजवळ कुठेही, आणि ओहोटी चालू असताना तर नक्कीच, उतरू नये. वाळूचा तळ तिथे सतत सरकत असतो. काल कमरेइतकं असलेलं पाणी आज छातीइतकं असू शकतं.

झेंडा दिसत नसेल तर

गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी मरीन या संस्थेचे जीवरक्षक असतात. साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा ही त्यांची वेळ. लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले दिसले तर त्यांच्या मधल्या पाण्यात उतरायचं, नुसता लाल झेंडा असेल तर उतरायचं नाही. जून ते सप्टेंबर तर पोहण्याचा विचारच सोडायचा.

पण जीवरक्षक माणसांच्या मागे जातात. जिथे माणसं जास्त, तिथे मनोरे आणि जीप जास्त. किनारा जितका आडबाजूचा तितके ते विरळ, आणि सहानंतर कुठेच भरवसा नाही. म्हणजे ‘इथे कुणीच नव्हतं यार’ हे ज्या किनाऱ्याचं कौतुक म्हणून सांगितलं जातं, तेच त्याबद्दलचं सगळ्यात धोक्याचं वाक्यही आहे. अशा जागी एकच नियम पुरतो: झेंडा नाही, जीवरक्षक नाही, तर गुडघ्याच्या वर पाणी नाही. दारू घेतली असेल तर तेवढंही नाही. उघड्या किनाऱ्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं यावर गोव्यात दंड आहे; २०१९ च्या कायदादुरुस्तीत तो एकट्याला २ हजार, टोळक्याला १० हजार होता.

गोड्या तळ्यात पोहावं का? लाटा नसतात, त्यामुळे समुद्रापेक्षा बरं. लोक काठाची पिवळसर माती अंगाला फासून बसतातही. पण तळ दिसत नाही, म्हणून सूर मारू नये.

ज्यांचा हा किनारा आहे

‘अनटच्ड’ हा शब्द रीलमध्ये फार वापरला जातो. हरमल कधीच निर्मनुष्य नव्हतं. कोळ्यांच्या होड्या, जाळी, माडांच्या बागा, देवळं, सगळं आधीपासून आहे. पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडे होतं, त्यामुळे इथे मराठी सहज चालते. धरणगावच्या माणसाने हिंदी-इंग्रजीत तुटक बोलण्यापेक्षा सरळ मराठीत ‘दादा, आज पाणी कसं आहे?’ एवढं एखाद्या होडीवाल्याला विचारावं. कुठल्याही ॲपपेक्षा ते उत्तर खरं असतं, आणि ते मिळवायची ही सोय बहुतेक पर्यटकांकडे नसते.

आता त्याच लोकांच्या जमिनीला भाव आलाय. हरमलच्या गिरकरवाड्यावर किनाऱ्यालगत उभी राहिलेली बेकायदा बांधकामं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेली. शेजारच्या मोरजी आणि आश्वे-मांद्रे इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका पर्यटनाचा मोसम. कासवीण रात्री, अंधारात येते. उजेड आणि आवाज असेल तर अंडी न घालताच परत फिरते. पिल्लंही उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी हॉटेलच्या दिशेने चालू लागतात. कुठे वाळूत कुंपण आणि पाटी दिसली तर तिथे टॉर्च मारून शूटिंग करायचं नसतं. वन्यजीव संरक्षण कायद्यात या कासवाला वाघाच्याच वर्गात ठेवलेलं आहे.

माणसांचंही तेच. वडाखाली बसलेला जटाधारी किंवा वाळूत योगासनं करणारी परदेशी बाई म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. विचारल्याशिवाय कॅमेरा लावू नये.

जायचंच असेल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बरा काळ. रेल्वेने मंगला एक्स्प्रेस जळगावहून थेट थिवीला सोडते, तिथून हरमलला टॅक्सी किंवा म्हापशामार्गे बस. भुसावळहून गोवा एक्स्प्रेसही आहे, पण ती पुणे-मिरज फिरून मडगावला जाते, म्हणजे उत्तर गोव्यासाठी उलटा फेरा. विमानाने मोपा सगळ्यात जवळ.

तळ्याकडे निघायची वेळ तिथीवरून काढावी, ओहोटी लागल्यावर जावं आणि उजेड असताना परतावं, कारण खडकांच्या वाटेवर दिवे नाहीत. टेकडीपलीकडे मोबाइलची रेंज जाते-येते. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी कुणाला तरी सांगून निघावं: कुठे चाललोय, किती वाजेपर्यंत येतोय. अडचण आलीच तर पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. केरीहून तेरेखोलच्या किल्ल्याकडे जायला फेरीबोट आहे. नदी पोहून ओलांडायची पैज लावणारे ग्रुप अधूनमधून दिसतात. पलीकडे फेरीबोटीनेच जावं.